पहाटेच्या बोटीआधीची रात्र

मिलानहून सकाळी सहाचे विमान असेल, तर शेवटची रात्र शहरात काढावी की विमानतळाजवळ? मालपेन्साचा विमानतळ शहरापासून जवळजवळ ५० किलोमीटर दूर आहे. शहरात राहिलो तर शेवटचे जेवण नीट होते, पण रात्री दोनला उठावे लागते. विमानतळाजवळ राहिलो तर झोप होते, पण इटलीतली शेवटची संध्याकाळ एखाद्या निर्जीव खोलीत भिंतीकडे पाहत जाते. सहलीचे बाकी सगळे ठरलेले असते. नेमकी ही एक रात्र घरातल्या चर्चेत अडकून पडते.

या प्रश्नाला आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर निदान पाचशे वर्षांचा इतिहास आहे. तो लिहायचे कारण एवढेच नाही की तो मनोरंजक आहे. निघण्याची वेळ कोण ठरवते, समुद्र की वेळापत्रक, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. आणि १९४७ च्या जुलैत तो प्रश्न सहाशेहून अधिक माणसांच्या जिवाशी येऊन भिडला. धागा लांब आहे. सावकाश वाचा.

सुरुवात चौलपासून करू. आजच्या रेवदंडा-चौल परिसरात, कुंडलिकेच्या मुखाशी, एके काळी दोन नगरे शेजारी शेजारी नांदत होती. वरचे चौल निजामशाहीचे, खालचे पोर्तुगीजांचे. पोर्तुगीजांनी येथे १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले. पण बंदर त्याहून फार जुने. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमिल्ला’ म्हणून येते, अरब लेखकांकडे ‘सैमूर’ म्हणून. इटलीतली माणसेही येथे येऊन गेली. बोलोन्याचा लुदोविको दि वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी येऊन गेला आणि त्याचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोममध्ये छापले गेले. व्हेनिसचा चेझारे फेदेरिची त्याच शतकाच्या उत्तरार्धात आला. रोमचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये गोव्याकडे जाताना चौलला थांबला.

या माणसांना परत जायचे असे तेव्हा ते ‘उद्या निघतो’ असे म्हणू शकत नसत. आधी ऋतू हवा. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आणि खवळलेला समुद्र; पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे त्या काळात जवळपास मिटलेली. वारा फिरला, ईशान्येकडून वाहू लागला, की होर्मुझ, मस्कत, एडन या दिशांना शिडे उघडत. अरबीत ठरलेल्या हंगामाला ‘मौसिम’ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोंसाँव’ केले, आणि जगाने तो शब्द पावसासाठी उचलला. मुळात तो पावसाचा शब्द नव्हताच. तो निघण्याच्या वेळेचा शब्द होता. मला हा तपशील फार आवडतो, म्हणून विषयाला थोडा सोडून असला तरी येथे ठेवला आहे.

ऋतू मिळाला की सोबत हवी. मलबारी चाच्यांच्या भीतीने पोर्तुगीज अमलातली व्यापारी गलबते किनाऱ्याने एकटी जात नसत. त्यांचे तांडे निघत, लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात. त्या तांड्यांना जमिनीवरचाच शब्द होता, काफिला. काफिला सुटला तेव्हा तुम्ही बंदरात नसाल, तर पुढचा काफिला केव्हा हे देवाला ठाऊक.

आणि मग पहाट. हे नीट समजून घ्यावे, कारण ‘लवकर निघणे’ ही गोष्ट कोणा कंपनीच्या सोयीतून जन्मलेली नाही. पावसाळा सोडला तर आपल्या किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री जमीन निवली की तो उलटतो; उत्तररात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या भूगोलात आपण हे ‘खारे वारे आणि मतलई वारे’ म्हणून पाठ केलेले असते आणि परीक्षेनंतर विसरलेलो असतो. शिडाच्या जहाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे. बंदराबाहेर पडायचे तर मतलई वारा पाठीशी असताना, म्हणजे पहाटेपूर्वी. त्यात ओहोटीचा ओढ खाडीबाहेर नेणारा मिळाला तर दुधात साखर. सूर्य वर आला आणि वारा फिरला, की दिवस गेला.

त्यामुळे शेवटच्या रात्रीचा प्रश्न त्या काळी एकाच पद्धतीने सुटे. रात्र बंदरावर नव्हे, जहाजावर काढायची. सामान आदल्या दिवशी चढवायचे, संध्याकाळी होडीने जहाज गाठायचे, आणि तांडेल केव्हा नांगर उचलतो याची वाट पाहत फळ्यांवर पडून राहायचे. सुटण्याचा क्षण माणसाला ठाऊकच नसे. तो एवढेच करू शकत असे, की त्या क्षणी आपण जहाजावर असू याची तजवीज.

देल्ला व्हाल्लेच्या तजविजीत एक गोष्ट जास्तीची होती. त्याची पत्नी सित्ती मआनी १६२१ च्या डिसेंबरात इराणच्या दक्षिण किनाऱ्यालगत वारली. तिला परक्या मातीत ठेवून जायला त्याचे मन तयार झाले नाही. त्याने तिचा देह कापूर घालून पेटीत बंद करविला आणि ती पेटी सामानात घेऊन तो हिंदुस्थानात हिंडला. १६२३ मध्ये तो चौलच्या बंदरात उतरला त्या काळात हे ओझे त्याच्या प्रवासाचा भाग होते. जहाजावर प्रेत असणे खलाशांना अशुभ वाटे, म्हणून पेटी मालासारखी लपवून न्यावी लागे. १६२४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे वारा फिरल्यानंतर, त्याने गोवा सोडले. मस्कत, बसरा, मग वाळवंटातून अलेप्पो असे करीत तो १६२६ च्या मार्चमध्ये रोमला पोचला. पुढच्या वर्षी तेथील आराचेली चर्चमध्ये त्याने तिचे दफन केले. इटलीला घरी परतायला एक वर्ष आणि चार महिने.

चौलला त्याहूनही आधी येऊन गेलेला एक प्रवासी रेवदंड्याच्या लोकांना अधिक परिचित आहे, कारण त्याचे स्मारकच तेथे आहे. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन. तो १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला, बहमनी राज्यात हिंडला, आणि परतताना दाभोळहून होर्मुझकडे निघाला. त्याची धर्माची पुस्तके येतानाच अस्त्राखानजवळच्या लुटीत गेली होती. पुस्तके नाहीत म्हणजे पंचांग नाही. पंचांग नाही म्हणजे ईस्टर केव्हा हे कळायला मार्ग नाही. तो नक्षत्रे पाही, मुसलमानांच्या सणांवरून अंदाज बांधी, आणि तरी आपला सण चुकत असल्याची खंत पुन्हा पुन्हा लिही. त्याच्या परतीच्या ओढीत या चुकलेल्या सणांचा वाटा मोठा आहे. दाभोळहून सुटलेले त्याचे जहाज भरकटून थेट हबशांच्या किनाऱ्याला लागले. तेथून मस्कत, होर्मुझ असा तो पुढे गेला. घर मात्र त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच तो वारला.

सणासाठी घरी जायचे आहे आणि दिवस मोजता येत नाहीत, ही त्याची अडचण ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला याच्या नेमके उलट चित्र दिसणार आहे. दिवस अगदी काटेकोर मोजलेले, आणि सण घरी नेणारा.

मध्ये तीन शतके ओलांडू. एकोणिसाव्या शतकात कोकण किनाऱ्यावर आगबोटी आल्या आणि निघण्याच्या वेळेवरचा वाऱ्याचा हक्क संपला. यंत्राला मतलई वारा लागत नाही. कागदावर छापलेली वेळ ही गोष्ट किनाऱ्याने तेव्हा प्रथम पाहिली. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही या मार्गावरची बडी कंपनी. तिला उत्तर म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वदेशीच्या वातावरणात देशी भांडवलावर एक सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली. इंडियन को-ऑपरेटिव्ह हे तिचे नाव लोकांच्या तोंडी बसणारे नव्हतेच; लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणू लागले. तिने बोटींना नावे दिली तीही उतारूंच्या मनातली. तुकाराम, रामदास, आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट झेवियरसारखी. संतांच्या नावाची बोट, आपल्या माणसांची कंपनी, आणि ठरलेली वेळ. विश्वास बसायला आणखी काय हवे?

तरीही कोकणच्या बहुतेक बंदरांत धक्काच नव्हता. बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्याकडे जात. पडाव चालायला भरती-ओहोटी लागेच. म्हणजे बोटीची वेळ घड्याळाची, पण बोटीपर्यंत पोचण्याची वेळ अजून चंद्राचीच. गावोगाव लोक आदल्या रात्रीच बंदरावर येऊन बसत. कोणी बंदरावरच्या ओळखीच्या घरी, कोणी वाळूवर, बोचक्याला टेकून.

किनाऱ्यावरच्या माणसाला चंद्राची ही वेळ काढायला कागद लागत नसे. गणित असे: तिथीला पाऊण पट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण पट तीन. तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. आजच्या घड्याळाशी ताडून पाहिले तर अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, कारण हे गणित प्रमाणवेळेसाठी बांधलेले नाही. पण मुंबईपासून खाली दक्षिणेपर्यंत ते पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे. तोंडपाठ करून ठेवण्यासारखे आहे. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल तेव्हा उपयोगी पडते.

आता मुंबईच्या बाजूने पाहू. रायगड जिल्ह्याचे तेव्हाचे नाव कुलाबा. नाव बदलले ते १९८१ मध्ये. या जिल्ह्यातल्या किनारी गावांतून मुंबईला कामाला आलेल्या माणसांचे घरी जाण्याचे दार म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ या एकोणिसाव्या शतकातल्या गृहस्थांच्या नावावरून लोकांनी त्याला हे नाव दिले. तेथून रेवस अगदी समोर. बंदरातून बाहेर पडायचे, पाण्याचा एक मोकळा पट्टा ओलांडायचा, आणि धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवस. पुढे अलिबागकडे रस्त्याने.

पावसाळ्यात दूरच्या कोकणाची बोटवाहतूक बंद असे. रत्नागिरी, मालवणकडचा माणूस त्या काळात मुंबईत अडकलेला असे, किंवा घाटमार्गे मोठा वळसा घेत असे. रेवस, धरमतर, उरण या जवळच्या फेऱ्या मात्र चालू राहत. जवळचे म्हणजे सुरक्षित, असे एक समीकरण यातून मनात रुजत गेले असावे. ते खोटे होते. रेवसला जाताना बंदराचा आडोसा सुटतो आणि काही काळ पश्चिमेचा उघडा समुद्र अंगावर येतो. वाट छोटी असली तरी समुद्र तोच असतो.

१७ जुलै १९४७, गुरुवार. त्या आठवड्यात आषाढ संपत होता. गटारी आली होती, म्हणजे घरी जायलाच हवे. त्या वर्षी श्रावण अधिक होता. म्हणून नारळी पौर्णिमा लांबून ऑगस्टच्या अखेरीस गेली होती आणि १५ ऑगस्ट अधिक श्रावणात येत होता. त्या मध्यरात्रीला अजून २९ दिवस होते.

रामदास बोट सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटणार होती. आदली रात्र म्हणून १६ तारखेची.

त्या रात्रीचे दस्तऐवज नाहीत, असूही शकत नाहीत. झोपण्याच्या बेताची नोंद कोणी ठेवत नाही. पण गिरणगावाचे दैनंदिन जीवन आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे, आणि त्यावरून त्या रात्रीचा आराखडा मांडता येतो. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे. खाणावळीचा हिशेब. घरी न्यायच्या वस्तूंचे गाठोडे: मुलांना कापड, चहा-साखर, म्हाताऱ्यांना तंबाखू. रात्रपाळी असलेल्याला झोपेचा प्रश्नच नाही. भोंगा झाला की तो तसाच धक्क्याकडे वळणार. दिवसपाळीवाल्याने सुट्टी मागून घेतलेली. पहाटे उठवणार कोण? शेजारी, नळावरची भांडी, किंवा गिरणीचाच भोंगा.

आणि घड्याळ? मुंबईत तेव्हा घड्याळे दोन वेळा दाखवीत. रेल्वे भारतीय प्रमाणवेळेवर चाले आणि शहराच्या बऱ्याच घड्याळांवर ‘मुंबई टाइम’ असे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. पण मुंबईकरांनी ती परक्या सरकारची वेळ म्हणून मनापासून स्वीकारली नाही, आणि हा दुहेरी कारभार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला. आठची बोट म्हणजे नेमकी कोणाची आठ, हे ज्याला चुकवायचे नव्हते तो लवकरच जाऊन बसे. ३९ मिनिटे ही बोट चुकायला पुरेशी आहेत.

म्हणजे ती माणसे बेफिकीर नव्हती. अमुक वाजता उठायचे, तमुक वाजता धक्क्यावर पोचायचे, तिकिटाची रांग, बसायला जागा, सगळ्याचा विचार झालेला. त्या रात्रीच्या आखणीत एक प्रश्न मात्र नव्हता, कारण वेळापत्रक छापले गेल्यापासून तो विचारण्याची गरजच उरली नव्हती. उद्या पाणी कसे असेल?

तिथीचे गणित लावून पाहा. १७ जुलैचा दिवस चतुर्दशी-अमावास्येच्या सांध्यावर होता. चौदाचे पाऊण पट साडेदहा. प्रमाणवेळेकडे वळवले तर अकराच्या आसपास पूर्ण भरती. म्हणजे आठला सुटणारी बोट चढत्या पाण्यात जाणार. तेही साध्या नव्हे, उधाणाच्या. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात आणि त्यांची ओढ एकत्र होते. म्हणून त्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. जुलैचा मध्य म्हणजे पावसाळा भरात. ज्या चंद्राने गटारी आणली, माणसांना गावाची ओढ लावली आणि बोट गच्च भरली, त्याच चंद्राने पाणीही चढवले होते. सणाचे पंचांग आणि समुद्राचे पंचांग वेगळे नाही.

येथे एक खुलासा आवश्यक. रामदास उधाणाने बुडाली, असे मी म्हणत नाही. समुद्रातला अपघात एका कारणाने घडत नाही. वारा, पाऊस, लाट, गर्दी, बोटीचा तोल, माणसांची घाबरगुंडी अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. माझा मुद्दा आदल्या रात्रीपुरता आहे. त्या रात्रीच्या तयारीत समुद्राची चौकशी कुठे होती, एवढाच.

घडले ते थोडक्यात असे. बोट आठला सुटली. सातशेहून अधिक माणसे तिच्यावर होती. बंदर मागे पडले, हवा बिघडली, पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ, म्हणजे इंग्रजी नकाशातल्या गल आयलंडच्या परिसरात, मोठ्या लाटेने बोट एका अंगाला कलली. घाबरलेले उतारू जागा सोडून धावले, वजन एकीकडे गेले, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. म्हणून मुंबईला काही कळलेच नाही. इकडे रेवसला बोट आली नाही तरी पावसाळ्यात उशीर होतो, असे म्हणून लोक थांबले असणार. बातमी पोचली ती पोहत आलेल्या माणसांकडून, दिवस कलता कलता. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्यांनी ज्यांना पाण्यातून ओढून घेतले ते वाचले. घड्याळावर चालणाऱ्या व्यवस्थेला दुपारपर्यंत पत्ता नव्हता, आणि मदतीला आली ती पाणी पाहून निघणारी माणसे.

अलिबाग-रेवस परिसरातल्या गावांत त्या वर्षी १५ ऑगस्टला घराघरांत सुतक फिटून जेमतेम पंधरवडा झाला होता. आपल्या स्वातंत्र्याच्या कथनांत हा जिल्हा या बाजूने फारसा येत नाही.

रामदासविषयी जे लिहिले जाते त्यात तिला ‘कोकणची टायटॅनिक’ म्हणण्याची सवय आहे. मला ती उपमा पटत नाही. टायटॅनिक ही श्रीमंतांच्या ऐटीची पहिलीच सफर होती. रामदास कामगारांची रोजची फेरी होती. रोजच्या गोष्टीकडे आपण पाहत नाही, हीच तर तिची गोष्ट. पण टायटॅनिकशी तिचे एक वेगळे नाते खरोखर आहे. रामदास १९३६ मध्ये इंग्लंडातल्या स्वान हंटर यांच्या कारखान्यात बांधली गेली. टायटॅनिकच्या वाचलेल्या उतारूंना उचलणारे कार्पेथिया हे जहाज याच बांधणाऱ्यांचे. (याच कारखान्याने ‘क्वीन एलिझाबेथ’ही बांधली, असे काही ठिकाणी लिहिलेले दिसते. ते चूक आहे. ती स्कॉटलंडात क्लाइडबँकला, जॉन ब्राउन यांच्याकडे बांधली गेली.)

शिवाय हा या कंपनीचा पहिला घाला नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. नोव्हेंबर म्हणजे जुन्या हिशेबाने समुद्र मोकळा झालेला हंगाम. देल्ला व्हाल्लेनेही गोवा सोडले तो महिना हाच. म्हणजे केवळ हंगाम पाहूनही भागत नाही. म्हणून जुनी माणसे सगळेच बरोबर करीत आणि आगबोटवाल्यांनी सगळे बिघडवले, असला निष्कर्ष काढू नये. काफिल्यातली गलबतेही बुडत. त्यांच्या याद्या कोणी ठेवल्या नाहीत, इतकेच. फरक जाणिवेत आहे. फळ्यांवर झोपलेल्या प्रवाशाला ठाऊक होते की सुटण्याची वेळ आपल्या हातात नाही. चाळीतल्या प्रवाशाला वाटत होते की ती तिकिटावर छापलेली आहे.

आता वर्तमानात येऊ. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटसेवा आजही पावसाळ्यात बंद होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो जाते, मोटारीसकट. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला आणि रायगडचा किनारा मुंबईला रस्त्याने थेट जोडला गेला. आणि पनवेल तालुक्यात, उलव्याच्या बाजूला, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. म्हणजे पहाटेचे विमान आता रायगड जिल्ह्यातूनच सुटते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतून आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांच्या घरांत ‘आदल्या रात्री कुठे थांबायचे’ ही चर्चा पिढ्यांची आहे. मुंबईत कोणा नातलगाकडे एक रात्र काढणे हा त्या प्रवासाचा ठरलेला भाग असे.

रेवसचा धक्का मात्र अजून जुन्या हिशेबात अडकलेला आहे. खाडीचा गाळ साचतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला धक्क्याशी लाँच लागण्याइतके पाणी उरत नाही. त्या दिवशी फेरी पुढे ढकलली जाते किंवा रद्द होते. म्हणून मुंबईत सकाळचे काम असलेला तेथला माणूस आजही आदल्या रात्री घरात विचारतो, उद्या तिथी कोणती?